कसाबचे वकीलपत्र

नववीच्या वर्गात मूलभूत हक्कांचा धडा चालू होता. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे, हे मी मुलांना उर्दूतून समजावून सांगत होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, कसाब को भी वकील मिला था क्या?" मी हो म्हटले. "कौन था?" मी अब्बास काझमींचे नाव सांगितले. मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, "मुसलमान था? फिर उसने केस ली क्यों?"

घटनेने सर्वांना हक्क दिला आहे, असे पुस्तकातले उत्तर मी दिले. उत्तर खरे होते, पण त्याने मुलाचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. कारण हाच प्रश्न २००९ साली मलाही पडला होता. तेव्हा मी विद्यार्थी होतो. माझे मामू मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर खलाशी होते. अतिरेकी समुद्रातून, 'कुबेर' नावाची मच्छीमार बोट पळवून आले होते. त्यामुळे सगळ्या किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आणि खलाशांना ओळखपत्रे बाळगावी लागू लागली. आपल्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले जाते, असे मामूंना वाटे. त्यात कसाबचा वकील मुसलमान असल्याची बातमी आली आणि ते चिडले. याने आपल्याला आणखी खाली पाहायला लावले, असे त्यांचे म्हणणे होते. मोहल्ल्यात बहुतेकांचे मत तेच होते. माझेही तेच होते.

आज इतक्या वर्षांनी त्या खटल्याची कागदोपत्री हकीकत आपल्यासमोर आहे. तिन्ही न्यायालयांचे निकाल झाले आहेत. म्हणून काझमींनी केले ते बरोबर की चूक, हे रागलोभ बाजूला ठेवून तपासता येते. या लेखात तोच प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला केला. १६६ माणसे मारली गेली. मृतांत हिंदू होते, मुसलमान होते, परदेशी पाहुणे होते. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांच्यासारखे अधिकारी गेले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी स्वतःचा जीव देऊन अजमल कसाबला जिवंत पकडून दिले. बाकी नऊ जण मारले गेले. त्या नऊ प्रेतांना दफनासाठी जागा देण्यास मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नकार दिला. निरपराधांना मारणाऱ्यांशी आमचे नाते नाही, हे मुस्लिम समाजाने त्या नकारातून साऱ्या देशाला सांगितले.

त्याच सुमारास दुसरा एक नकार पुढे आला. मुंबईच्या महानगर दंडाधिकारी न्यायालयांतील वकिलांच्या संघटनेने ठराव केला की, आमचा एकही सभासद कसाबचे वकीलपत्र घेणार नाही. हे दोन्ही नकार वरवर पाहता सारखेच वाटतात. दोन्हींमागे संताप होता आणि तो खरा होता. तरी त्यांत मोठा फरक आहे. कब्रस्तान समाजाचे असते. तेथे कोणाला जागा द्यायची, हे समाज आपल्या सद्सद्विवेकाने ठरवू शकतो. न्यायालय मात्र कोणा एका गटाचे नसते. तेथील बचावाची खुर्ची रिकामी राहिली, तर खटला चालूच शकत नाही आणि चालवला तर तो टिकत नाही. वकिलांच्या त्या ठरावाचा फायदा झाला असता तर तो कसाबलाच. वकील न देता फाशी दिली, असा डाग शिक्षेवर पडला असता.

सर्वोच्च न्यायालयाने पुढे ६ डिसेंबर २०१० रोजी तमिळनाडूतल्या एका प्रकरणात याविषयी निःसंदिग्ध निर्णय दिला. अमुक आरोपीचा बचाव करायचा नाही, असे वकील संघटनांचे ठराव घटनेच्या आणि वकिली धर्माच्या विरुद्ध असून ते रद्दबातल आहेत, असे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने सांगितले. पण हे नंतरचे. २००९ च्या मार्चमध्ये न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांच्यासमोरचा प्रश्न साधा होता. हजारो पानांचे आरोपपत्र दाखल झाले होते, विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम उभे होते आणि आरोपीच्या बाजूला कोणी नव्हते.

३० मार्च रोजी न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नेमणूक केली. त्याच रात्री त्यांच्या वरळीच्या घरासमोर शिवसैनिकांचा जमाव जमला आणि दगडफेक झाली. वाघमारे यांनी विचार करायला वेळ मागितला आणि अखेर संरक्षणात काम स्वीकारले. मात्र हल्ल्यातल्या एका जखमी साक्षीदाराच्या वतीने त्या दुसऱ्या एका दाव्यात उभ्या राहिल्याचे पुढे आले, आणि १५ एप्रिलला न्यायालयाने त्यांना दूर केले. दुसऱ्या दिवशी, १६ एप्रिलला अब्बास काझमी नेमले गेले. म्हणजे काझमी कसाबकडे गेले नव्हते आणि कसाबनेही त्यांना निवडले नव्हते. त्याने तर सुरुवातीला भारतीय वकील नको, पाकिस्तानी वकील द्या, असा हट्ट धरला होता. न्यायालयाने जबाबदारी सोपवली आणि एका अनुभवी फौजदारी वकिलाने ती घेतली. 'त्याने केस घेतली' हे आपल्या मोहल्ल्यातले वाक्यच मुळात चुकीचे होते.

आता त्यांचे काम पाहू. १६ ला नेमणूक झाली आणि १७ एप्रिलला आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात निकमांचे प्रारंभीचे भाषण सुरू झाले. काझमींनी लगेच दोन मुद्दे मांडले. दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला कबुलीजबाब छळ करून घेतला आहे, आरोपी तो नाकारतो, हा पहिला. आरोपी अठरा वर्षांखालील आहे, म्हणून हा खटला या न्यायालयात चालू शकत नाही, हा दुसरा.

वयाच्या मुद्द्यावर तेव्हा देशभर संताप उसळला. रेल्वे स्थानकात बंदूक घेऊन फिरणाऱ्याला हा माणूस मूल म्हणतो, असे लोक बोलू लागले. पण त्या वेळचा बालन्याय कायदा पाहिला तर गोष्ट वेगळी दिसते. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येत होता. तो तेव्हाच निकाली निघाला नसता, तर फाशीच्या आदल्या दिवशीही कोणी उपस्थित करू शकला असता. काझमींनी तो पहिल्याच दिवशी मांडला, न्यायालयाने हाडांची तपासणी करवली, वय वीस वर्षांवर निघाले आणि विषय संपला. आरोपीच्या बाजूने जे म्हणता येते ते वेळेवर म्हणणे हे बचावाच्या वकिलाचे काम. त्याने ते केले की खटल्याचा पाया पक्का होतो. कबुलीजबाबाचेही तसेच. त्यावर पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाला आणि तो स्वेच्छेने दिला होता, असे ठरले. आक्षेपाच्या आगीतून गेलेला पुरावा आक्षेप न घेतलेल्या पुराव्यापेक्षा भक्कम असतो.

२० जुलै २००९ रोजी मोठा पेच आला. ८६ आरोप निश्चित झाले होते, साक्षी चालू होत्या आणि अचानक कसाब उभा राहून गुन्हा कबूल करू लागला. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे काझमींनी सांगितले. अशा वेळी वकिलाने काय करावे? आपण सामान्य माणसे म्हणतो, आता वकिलाने हात जोडून बाजूला व्हावे. पण कबुलीत सगळे आरोप आलेले नव्हते. न्यायालयाने ती नोंदवून घेतली, तिच्यावर खटला मिटवला नाही आणि पुरावा घेणे चालू ठेवले. काझमी जागेवर राहिले, हे योग्यच झाले. कारण डिसेंबरमध्ये कसाबने ते सगळे फिरवले. मी सिनेमात काम करायला मुंबईत आलो होतो, पोलिसांनी मला हल्ल्याआधीच पकडले होते, असे तो सांगू लागला. नुसत्या कबुलीवर खटला संपवला असता, तर या पलटीने केवढा घोळ झाला असता!

येथपर्यंत काझमींच्या वागण्यात मला दोष दिसत नाही. दोष दिसतो तो पुढे. मृतदेह हलवणारे, पंचनामे करणारे, कागद पोचवणारे अशा ३४० औपचारिक साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे सरकार पक्षाने दिली. ज्या गोष्टींवर वाद नाही, त्या अशा प्रतिज्ञापत्रांनी सिद्ध करायची सोय फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. काझमींनी यातल्या सगळ्यांची उलटतपासणी हवी, असा आग्रह धरला. वकील सहकार्य करीत नाही, असे सांगून न्यायाधीशांनी ३० नोव्हेंबर २००९ रोजी त्यांना दूर केले आणि त्यांचे सहकारी के. पी. पवार यांच्याकडे काम दिले.

या प्रसंगात दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या आहेत. उलटतपासणी हे बचावाचे मुख्य हत्यार आहे आणि ते कोणाविरुद्ध वापरायचे, हे वकिलाने ठरवायचे असते. न्यायाधीशाला अडचण होते म्हणून वकील बदलण्याचा पायंडा पडला, तर उद्या साध्या आरोपीचा वकील भीत भीत काम करील. हे काझमींच्या बाजूचे. पण हत्यार सगळीकडे सारखे चालवले की त्याची धार जाते. प्रेत रुग्णालयात पोचवणाऱ्या शिपायाला काय विचारायचे होते? सेबॅस्टियन डिसूझा यांनी टिपलेला, हातात बंदूक घेतलेल्या कसाबचा फोटो त्याने खोटा ठरणार नव्हता. ज्यांची साक्ष खरोखर वादाची होती तेवढीच नावे कारणांसह मागितली असती, तर न्यायालयाला नकार देणे जड गेले असते. येथे काझमींचा तोल सुटला, असे माझे मत आहे. यामुळे खटला अन्यायाचा झाला का? सर्वोच्च न्यायालयात बचावाला पुरेसा वाव मिळाला नाही, असा मुद्दा मांडला गेला. न्यायालयाने तो मान्य केला नाही.

दुसरा दोष न्यायालयाबाहेरचा आहे. २०१० मध्ये काझमी 'बिग बॉस'च्या चौथ्या हंगामात दिसले. कायद्याने यात काही गैर नाही. तरी मला ते खटकते. ज्या कामाने आपले नाव घरोघरी गेले, त्या कामामागे १६६ प्रेते होती. बचावाच्या वकिलाला लोकांचा राग सोसावा लागतो, आणि त्याने तो सोसावाही. पण लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर त्या नावाचा खेळ होऊ देता कामा नये. ३४० साक्षीदारांच्या आग्रहापेक्षा या एका गोष्टीने त्यांच्याविषयीचे मत अधिक बिघडवले असेल.

म्हणजे हिशेब असा निघतो की, वकीलपत्र घेणे बरोबर, सुरुवातीचे काम चोख, शेवटचा आग्रह अतिरेकी आणि नंतरचे वागणे अशोभनीय. पण एवढ्यावर थांबलो तर आपण फक्त एका माणसाचे प्रगतिपुस्तक लिहिले, असे होईल. बचावाची गरज कळते ती आरोपीच्या पिंजऱ्यात आणखी कोण होते, हे पाहिल्यावर.

कसाबबरोबर पिंजऱ्यात दोन भारतीय मुसलमान होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. मुंबईतल्या ठिकाणांचे नकाशे काढून दिल्याचा आरोप फहीमवर होता. मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या खिशात तसा नकाशा सापडला, असे पोलिसांचे म्हणणे होते. फहीमचे वकील शाहिद आझमी यांनी साधा प्रश्न विचारला. ज्याचे कपडे रक्ताने भिजले होते, त्याच्या खिशातल्या कागदावर रक्ताचा डाग नाही आणि सुरकुती नाही, हे कसे? शाहिद स्वतः तरुणपणी टाडाखाली तुरुंगात राहून आलेले होते. तेथे त्यांनी शिक्षण चालू ठेवले आणि बाहेर येऊन ते वकील झाले. खटल्याचा निकाल ऐकायला ते राहिले नाहीत. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून त्यांचा खून झाला. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. ३ मे २०१० रोजी न्यायाधीश ताहिलियानींनी कसाबला दोषी ठरवले आणि फहीम व सबाउद्दीन यांना या खटल्यातून निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. रामपूरच्या एका वेगळ्या खटल्यात फहीमला २०१९ साली शिक्षा झाली, तो भाग निराळा. २६/११ च्या आरोपात मात्र नकाशा टिकला नाही.

आता विचार करा. कसाबला वकील नको म्हणणाऱ्या जमावाचे चालले असते, तर त्याच पिंजऱ्यातल्या फहीमला वकील मिळाला असता का? लोकांच्या संतापाला पिंजऱ्यातले तिन्ही चेहरे सारखेच दिसतात. त्यांना वेगळे करण्याचे काम बचावाचा वकील करतो.

हे आपल्या देशात नवे नाही. महात्मा गांधींच्या खुनाचा खटला १९४८ मध्ये लाल किल्ल्यात चालला. त्याहून मोठा संताप या देशाने पाहिला नसेल. तरी प्रत्येक आरोपीला वकील होता. पुण्याचे ल. ब. भोपटकर यांच्यासारखे नामवंत बचावाला उभे राहिले. त्या आरोपींत शंकर किस्तय्या नावाचा एक गरीब नोकर होता. खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि १९४९ मध्ये अपिलात तो सुटला. अमेरिकेत १७७० साली बोस्टनमध्ये इंग्रज सैनिकांनी जमावावर गोळीबार करून माणसे मारली. तेव्हा त्या सैनिकांचा बचाव जॉन अॅडम्स या स्थानिक देशभक्ताने केला. आठांपैकी सहा सैनिक निर्दोष सुटले. तोच अॅडम्स पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. आरोपीचा वकील म्हणजे आरोपीचा साथीदार नव्हे, हे त्या समाजाला पटले होते.

आपल्या परंपरेलाही ही गोष्ट परकी नाही. हजरत अलींच्या चिलखताची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. खलिफाचे हरवलेले चिलखत एका यहुदी माणसाकडे दिसले. प्रकरण काझी शुरैह यांच्यापुढे गेले. खलिफाने साक्षीदार म्हणून स्वतःच्या मुलाचे नाव सांगितले. बापासाठी मुलाची साक्ष चालणार नाही, असे म्हणून काझींनी निकाल खलिफाच्या विरुद्ध दिला. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. मग न्यायालयात पुरावा मागणाऱ्या वकिलाची आपल्याला लाज का वाटली?

लाज वाटण्याचे कारण मला आता कळते. आपल्याला भीती होती. वकील मुसलमान आहे म्हणजे समाज कसाबच्या मागे आहे, असे कोणी म्हणेल, ही ती भीती. निकम ज्या धर्माचे, त्या धर्माचा विचार खटल्यात कोणी केला नाही आणि करायचे कारणही नव्हते. काझमींचा मात्र आधी धर्म पाहिला गेला. बाहेरच्यांनी पाहिला आणि आपणही पाहिला. उच्च न्यायालयात कसाबसाठी अमीन सोलकर आणि फरहाना शाह उभे राहिले. सोलकर हे आडनाव कोकणाला नवे नाही. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन आणि गौरव अग्रवाल यांनी बाजू मांडली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशी कायम करणाऱ्या खंडपीठावर न्यायमूर्ती आफताब आलम आणि चंद्रमौली कुमार प्रसाद होते. बचावात मुसलमान होते आणि हिंदू होते, फाशी कायम करणाऱ्यांतही मुसलमान होते आणि हिंदू होते. न्यायालयाने प्रत्येकाला त्याचे काम दिले होते. धर्माचा हिशेब आपण बाहेर बसून करीत होतो.

२१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला कसाबला फाशी झाली. पण त्या निकालातला एक भाग त्याच्यानंतरही उरला आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना तो माहीत आहे. कसाबला अगदी सुरुवातीला वकील नव्हता, हा मुद्दा रामचंद्रन यांनी मांडला. त्याचा कसाबला फायदा झाला नाही. परंतु त्यावर विचार करताना न्यायालयाने देशातल्या सर्व दंडाधिकाऱ्यांना बजावले की, आरोपीला प्रथम समोर आणले जाईल तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची पूर्ण जाणीव द्यावी, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यावा. कसाबच्या खटल्यातून निघालेला हा आदेश उद्या आपल्या मोहल्ल्यातल्या, चुकीने पकडलेल्या एखाद्या पोरालाही उपयोगी पडू शकतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा आणि वकील मागा, एवढे त्याच्या घरच्यांना माहीत हवे.

पुढच्या तासाला मी त्या मुलाला हे सगळे सांगितले. काझमी कुठे चुकले, तेही सांगितले. त्याने विचारले, "सर, आप होते तो लेते?" मी म्हटले, घेतले असते की नाही हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, मला मामूंची भीती वाटली असती. पण कोणीतरी घ्यायलाच हवे होते आणि घेणाऱ्याला मी आज दोष देणार नाही. त्याच वर्गातली एक मुलगी म्हणते, तिला वकील व्हायचे आहे. तिच्या घरच्यांना मी एवढेच सांगितले आहे की, ती उद्या कोणाचेही वकीलपत्र घेऊन घरी आली, तर तिला आधी तिचे म्हणणे मांडू द्या.